मीत म्हणवणाऱ्याचं मुंडण

दिलमाया दनुवारच्या तोंडाला अख्खं गाव घाबरायचं. नवरा हर्क परवा वारला, तेव्हापासून मात्र ती बोललीच नव्हती.

आज शेजारीण सांगत आली, "टेकराज आलाय. देवळात आपल्या गावच्या बिर्खेला मीत करतोय." मीत म्हणजे देवासमोर टिळा लावून जोडलेला भाऊ. मीताचा शब्द मोडायचा नसतो आणि मीत मेला तर डोकं भादरून त्याचं सुतक पाळायचं असतं. हर्कलाही टेकराजनं असंच मीत केलं, मग सांगितलं, "काढलेलं मूत्रपिंड परत वाढतं. मीताला खोटं सांगेन का मी?" आणि हर्कला परदेशात नेऊन त्याचं मूत्रपिंड विकून टाकलं. हर्क परतला तो खंगतच गेला.

दिलमाया पांढऱ्या लुगड्यात, हर्कचा वस्तरा घेऊन देवळात शिरली. टेकराजनं बिर्खेच्या कपाळाला नुकताच टिळा लावला होता.

"भाऊजी, तुमचा मीत परवा वारला. सुतकात टिळे कसले लावताय? बसा, डोकं भादरते."

"वहिनी, वेड लागलं का तुम्हाला?"

"मीत ना तुम्ही त्याचे?"

टेकराज वस्तऱ्याकडे बघून मागं सरकला. "अहो, तसं कामापुरतं म्हणायचं असतं! खरा मीत कुठं होता तो?"

बिर्खेनं बाहीनं कपाळ खसाखसा पुसलं आणि टेकराजची मानगूट धरली.

दिलमायानं वस्तरा मिटला.

"याला असाच चौकीवर न्या. माझ्या नवऱ्यासाठी केस उतरवायची याची लायकी नाही."