तेराव्या ओळीतला बगळा

सुनीतीने सहा वर्षं नवऱ्याच्या प्लेटा धुतल्या. कर्जत स्टेशनजवळ हेमचंद्रचा छोटा स्टुडिओ होता. तो फोटो काढायचा आणि घरामागच्या अंधाऱ्या कोठीत, लाल दिव्यापाशी, ती काचेच्या प्लेटा धुवायची. नवरानवरी, मुंजमुलगे, नव्या बाळाला घेऊन अवघडलेल्या आया तिच्या बोटांखाली हळूहळू उमटत. आणि पावसाळ्यात बगळे. हेमचंद्रला पाखरांचा नाद होता. पण त्याचे बगळे छापले की कागदाला भोक पडल्यासारखे दिसत. नुसतं पांढरं, त्यात पीस म्हणून नाही.

"तुम्ही भर उन्हात काढता," ती म्हणाली. "पातळ ढग हवा. मागे काळा, ओला बांध हवा. पोटाखालचा उजेड शेतातलं पाणी देईल."

"कोठीत बसून कळतं होय हे सगळं?"

"कोठीतच कळतं. तुमच्या चुका तिथेच तर येतात."

एकोणीसशे चव्वेचाळीसचा आषाढ होता. युद्धामुळे प्लेटा मिळेनाशा झाल्या होत्या. मुंबईच्या दुकानदाराने विचारायलाही येऊ नका, असं कळवलं होतं. डब्यात दोनच उरल्या होत्या. हेमचंद्रने डबा आणि कॅमेरा तिच्यापुढे ठेवला. "घे. पण दोन्ही फुकट गेल्या, तर पुन्हा कॅमेऱ्याला हात लावायचा नाही."

"आणि नाही गेल्या तर?"

तो नुसता हसला.

कडाव गावाहून दूध घालायला येणाऱ्या गोदूबाईकडे भाताची लावणी चालू होती. बगळे इतर माणसांना बुजतात, लावणीच्या बायांना बुजत नाहीत, हे तिनेच एकदा ओसरीवर बसून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीती तिच्या शेतात उभी होती. लुगडं वर खोचलेलं, पाठीवर गोदूबाईचं जुनं इरलं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं ते आच्छादन वाकलं की डोक्यापासून कमरेपर्यंत सगळं झाकत होतं. कॅमेरा आत, पोटाशी.

"वैनी, शोभतेस गं इरल्यात," गोदूबाई म्हणाली. "आता रोपांच्या चार मुठी लावून दाव."

"मुठी तुम्ही लावा. मला बगळा लावायचाय."

बाया हसल्या. सुनीतीही हसली. तिला खात्री होती.

पहिला बगळा ताज्या लावलेल्या रोपांत उतरला. तो लांब होता, म्हणून ती वाकूनच त्याच्याकडे चालू लागली. चार पावलं गेली नाही तोच तो उडाला. घाईत तिने शटर दाबलं. काय आलं असणार, हे तिला प्लेट न धुताही कळलं.

"अगं, रोप तुडवलंस की!" गोदूबाई ओरडली. "पुढं कुठं चाललीस?"

"बगळ्याकडे."

"लावणीत कोन पुढं जातं का? आमी मागं मागं सरतो. पुढं जाती ती कापनीवाली. त्या पाखराला बी ठावं हाय, तुला नाय!"

सुनीतीने मोडलेली रोपं हाताने सरळ केली. मग बायांकडे नीट पाहिलं. त्या लावत होत्या आणि मागे सरत होत्या. त्यांच्या पायांनी ढवळलेल्या चिखलातून किडे वर येत होते आणि ते टिपायला बगळे ओळीमागून ओळ पुढे येत होते. म्हणजे जायचं नव्हतंच. येऊ द्यायचं होतं.

"गोदूबाई, दोन ओळींत अंतर किती ठेवता?"

"वीतभर. माजी वीत."

"हात दाखवा." ती वीत तिने पट्टीने मोजली. नऊ इंच. चित्र स्पष्ट येण्यासाठी कॅमेऱ्यावर तिने दहा फुटांचं अंतर लावलं. म्हणजे तिच्यापासून तेरावी ओळ.

बायांनी तिला मध्ये जागा दिली. समोर काळा बांध, वर दुधासारखं आभाळ. त्या सरकल्या की ती सरकायची, आणि रोपांच्या रेषा तिच्यापासून बांधाकडे लांबत जायच्या. कंबर भरून आली. बगळा विसाव्या ओळीत आला. अठराव्या. पंधराव्या ओळीत त्याला बेडकी सापडली आणि तो तिथेच रेंगाळला. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर जमलं असतं, असं तिच्या पायांना वाटत राहिलं. तिने पाय चिखलात रुतवून ठेवले.

तेराव्या ओळीत त्याने मान उचलली. पाण्यातला उजेड त्याच्या पोटावर चढला. तिने शटर दाबलं. आवाजाने त्याने एकदा पाहिलं आणि पुन्हा चिखलात चोच घातली.

दुपारी कोठीतून ती ओली प्लेट घेऊन बाहेर आली. हेमचंद्रने ती खिडकीशी धरली. त्या उलट्या चित्रात बगळा काळा होता, पण पीस न् पीस वेगळं होतं. त्याने प्लेट डोळ्यांजवळ नेली. मग विचारलं, "शटर किती ठेवलं होतंस?"

सहा वर्षांत त्याने तिला हे पहिल्यांदा विचारलं.

"सेकंदाचा पंचविसावा भाग. त्याची मान थांबेपर्यंत वाट पाहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूबाईने दुधाचं मापटं खाली ठेवून फोटो हातात घेतला. "बगळा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माजी लावनी बग कशी सुतात आलीया!"

आत हेमचंद्र आरी घेऊन बसला होता. कॅमेऱ्याचा पट्टा सुनीतीला लांब होत होता. तिच्या उंचीला येईल, तिथे तो नवं छिद्र पाडत होता.