गिरणी थांबली तेव्हा

माझ्या मावशीवर अन्याय झाला तो गुड फ्रायडेला, दुपारी तीन वाजता, मुरुममधल्या तिच्याच पिठाच्या गिरणीत. करपल्या पिठाचा वास आला की आजही ते आठवतं. तिची लेक सोलापूरच्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती, आणि गल्लीतल्या पोरांनी बजावलं होतं, येशूची प्रार्थना ऐकू आली तर दार फोडू. म्हणून मावशीनं मूठभर ज्वारी टाकून गिरणी चालू केली आणि त्या घरघरीत मोठ्यानं प्रार्थना करू लागली. "मावशे, मनातल्या मनात कर की," मी म्हणालो. "मनात नुसतं भ्याच हाय रं, देव सापडंना." तेवढ्यात लाईट गेली. गिरणी थांबली, आणि "प्रभू, माझ्या पोरीला सांभाळ" हे गल्लीभर ऐकू गेलं. मावशी थांबली नाही. पोरांनी तिला ओढत रस्त्यावर आणलं. "कुठंय गं तुझा देव?" "त्यालाच हाका मारतेय, मारू द्या की." रोज तिच्याकडं दळण आणणारे ओट्यावर बसून बघत राहिले. मीही दाराआडच उभा होतो. संध्याकाळी लेक गेल्याचा फोन आला. आता मी अशा अन्यायाविरुद्ध पत्रकं वाटत फिरतो, पण त्या दुपारी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. तुमच्या शेजारी कुणी भिऊन देवाला हाक मारत असेल, तर आजच त्यांच्या दारात जाऊन उभे राहा.