फोर्सेप्सचा अर्थ सांगणारे नाना

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे असतील, तर धुळ्याच्या इस्पितळातल्या नानांचे. नाना ऑपरेशन थिएटरमध्ये हत्यारं उकळून मांडायचे. शिक्षण चौथी. पण नवा डॉक्टर आला की एकेक हत्यार उचलून विचारत, “येनं नाव काय शे?” नाव सांगितलं की लगेच, “आन् अर्थ?”

माझ्या वाट्याला फोर्सेप्स आला. मला नाव ठाऊक होतं, अर्थ नव्हता. नाना खुलले. एका जुन्या साहेबांकडून ऐकून त्यांनी सारं पाठ केलं होतं. “लॅटिन शब्द शे. तापेल वस्तू धरनारा. म्हंजे लोहारनी सांडशी! आपला जुना वैद तेले संदंश म्हनेत, तेनीच सांडशी व्हयनी. डॉक्टर, तुम्हनं हत्यार लोहारना घरनं शे!”

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. माझे वडील असोद्याला लोहारकाम करत, हे मी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात वडील दादर ज्वारीच्या भाकरी घेऊन मला भेटायला आले. व्हरांड्यात सोबतच्या डॉक्टरने विचारलं, “कोण हे?” मी म्हणालो, “गावाकडचे, ओळखीचे.” वडिलांनी ऐकलं. नानांनीही; त्यांची नजर वडिलांच्या ठिणग्यांनी भाजलेल्या हातांवरून माझ्या चेहऱ्यावर आली.

मग एक जुना फोर्सेप्स घेऊन नाना वडिलांजवळ गेले. “आबा, हाऊ नीट धरत नही. देखा बरं.”

वडिलांनी तो उजेडाकडे धरला. “खिया ढिला झाला याचा.” मग पायरीच्या दगडावर ठेवून त्यांनी दुसऱ्या एका दगडाने खिळ्यावर हलके ठोके दिले. दर ठोक्यानंतर कानाशी नेऊन उघडमीट ऐकली. शेवटी उपरण्याचा एक दोरा टोकात पकडून ओढला. दोरा तुटला, पकड सुटली नाही.

“घरनाच मानूस लागस!” नाना म्हणाले आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी हातातल्या केसपेपरात डोकं घातलं. संध्याकाळच्या गाडीने वडील परतले.

काही वर्षांनी जळगावात दवाखाना काढला, त्या दिवशी नानांना लिहिलं:

“ती. नानांस सा. न. आज पुष्कळ डॉक्टर आले होते. वडील मागे, चपलांजवळ उभे होते. त्यांना हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि सर्वांना म्हणालो, ‘हे माझे वडील. असोद्याला लोहारकाम करतात.’ ते पुटपुटले, ‘आरे, हे काय सांगाचं? हात दिसता ना सगळ्यायले.’ पण शेवटचा पाहुणा जाईपर्यंत ते त्या खुर्चीवरून उठले नाहीत.”