मावशीची हातपरीक्षा

दोन हजार सालाच्या आसपास अख्ख्या नाशकात कुणाच्या पोटाला काय मानवतं, हे फक्त माझ्या मावशीला कळत असे. डॉक्टर मंडळी आपली उगाच दवाखाने उघडून बसली होती. शाळेत जन्मभर गणित शिकवून ती निवृत्त झाली आणि कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिरातून स्नायूपरीक्षा शिकून आली. आपण एका मुठीत पदार्थ धरायचा, दुसरा हात समोर ताठ ठेवायचा. मावशी मनगट दाबणार. हात टिकला तर पदार्थ चालतो, पडला तर ताटातून हद्दपार. झालं!

मग काय विचारता! गंगापूर रोडवरच्या तिच्या घरात रविवारी माणसं मावेनात. पैसे कुणाकडून घ्यायची नाही, उलट चहा पाजायची. अर्थात ज्याचा हात चहाला टिकला त्यालाच. शेजारच्या काकांचा हात मिसळीला पडला, तेव्हा ते "चाळीस वर्षं खातोय, आज पडला होय!" म्हणत चपला घालून थेट मिसळ खायलाच गेले. भाजीबाजारात तर तिने मला मेथीची जुडी देऊन भर गर्दीत हात पसरून उभं केलं. हात पडला. मेथीवाली उसळली, "ओ बाई, माझी मेथी लय ताजी हाय! गिऱ्हाईक नका बिघडवू." मावशी शांतपणे म्हणाली, "मेथी चांगलीच आहे हो, ही माझी भाचीच कच्ची आहे." मला मेलीला अशी लाज वाटली! पण खरं सांगते, घरी येऊन हाच किस्सा मी दहा जणींना मिरवून सांगितला.

पुढे माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचं, सईचं, पोट दुखायला लागलं. मावशीने परीक्षा घेऊन तिची पोळी, दूध, शेंगदाणे बंद केले. दुखणं थांबेना आणि पोर वाळत चालली. डॉक्टरांकडे न्यावं असं रोज मनात यायचं, पण आईमागे जिने मला वाढवलं तिचा शब्द मोडायचा कसा? मी गप्प बसले. आजही त्याचा राग येतो मला, माझाच.

मावशी धान्यांच्या पुड्या बांधून त्यांवर सुवाच्य अक्षरात नावं लिहून ठेवी. एका रविवारी, पंधरा-वीस माणसांसमोर, तिने 'गहू' लिहिलेली पुडी सईच्या हातात दिली. हात धाडकन पडला. सईने पुडी उघडून पाहिली. "आजी, यात राजगिरा आहे." तोच राजगिरा, जो तिला चालतो म्हणून रोज खायला घालत होतो!

दुसऱ्या कुणी हसून वेळ मारून नेली असती. मावशीने नाव नसलेल्या पुड्या काकांकडून बांधून घेतल्या आणि सगळ्यांदेखत पुन्हा हात दाबून पाहिला. त्याच गव्हाला हात एकदा टिकला, एकदा पडला.  मावशी उठून म्हणाली, "मंडळी, हात मीच पाडते. नाव वाचलं की माझा जोर बदलतो, आणि मला ते कळतही नाही. आजवर तुम्हाला जे जे बंद केलं, ते सगळं विसरा." मग सईपुढे हात जोडले. "बाळा, चुकले गं मी."

"मग पोळी देशील?" सईने विचारलं.

मावशीने तिथल्या तिथे कणीक भिजवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या तपासणीत जंत निघाले, औषधाने पोर महिन्याभरात बाळसं धरू लागली. तरीही रविवारी माणसं येतच राहिली. मावशी प्रत्येकाला दारातच आपली चूक सांगून परत पाठवी, आणि हळूहळू कुणी येईनासं झालं. रिकाम्या घरात ती एकटीच पेपर वाचत बसे. मी तिची समजूत घालायला जायची आणि तिच्याच हातचा चहा पिऊन परत यायची. आता मावशी नाही. सईच्या त्या दिवसांत मी का गप्प बसले, हे मात्र मी तिला कधी सांगितलं नाही. तिने मोकळेपणी ऐकून घेतलं असतं.