बंधाऱ्याच्या साखळीतलं चौथं कुलूप

कुलूपभाऊंचा धंदा कुलपं बनवायचा, पण खरी आवड दुसऱ्यांच्या कुलपांना नावं ठेवायची. कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची कडी हलवून बघणार, मग चपला काढणार. "हे कुलूप नाही हो, नुसती शोभा आहे," असं म्हणून यजमानाचं तोंड कडू करणार आणि वर त्याच्याकडेच चहा मागणार. माणूस असा, तरी त्यांच्या हाताला नाव होतं. त्यांनी बसवलेलं कुलूप कधी दगा देत नाही, असं सगळा बाजार म्हणायचा, आणि भाऊ त्या एका वाक्यावर जगायचे.

आता नदीचं ऐका. एकच नदी, तिच्या काठी तीन वस्त्या, आणि तिघींचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. शेवटी भांडून भांडून दमले तेव्हा सगळ्या पाणलोटाची मिळून एक समिती झाली. टेकडीवर झाडं लावायची, उतारावर दगडी बांध घालायचे, पात्रातली वाळू कुणी उपसायची नाही, यावर झटकन एकमत झालं, कारण हे सगळं दुसऱ्यानं करायचं आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. करावं लागलं तेव्हा कुरकुर झाली, पण केलं बापड्यांनी.

गाडी अडली ती बंधाऱ्याच्या दारावर. वरच्यांना दार बंद हवं, म्हणजे त्यांच्या विहिरी भरतात. खालच्यांना उघडं हवं, म्हणजे त्यांच्यापर्यंत पाणी पोचतं. मधल्यांना दोन्ही चाललं असतं, पण भांडण मिटलेलं नको होतं. मग असं ठरलं, की दाराच्या चाकाला साखळी घालायची आणि तिला तीन कुलपं. किल्ल्या तीन वस्त्यांत एकेक. तिघांचं पटलं तरच दार हलेल. काम अर्थातच कुलूपभाऊंकडे.

"अहो, तीन वस्त्या पहिल्यांदा एका गोष्टीवर एक झाल्यात, आणि ती गोष्ट म्हणजे तुम्ही," बायको म्हणाली. "जरा नीट करा म्हणजे झालं."

"मला शिकवतेस?" भाऊ म्हणाले.

केलं की त्यांनी नीट! साखळीची दोन टोकं जवळ आणली आणि मध्ये तीन दणकट कुलपं एकात एक अडकवून दिली. सगळ्यांनी साखळी ओढून पाहिली, टाळ्या वाजवल्या. भाऊ त्यानंतर महिनाभर तरंगत होते.

एके दिवशी जेवताना, कितव्यांदा तरी, ते बायकोला तीच थोरवी सांगत होते. पुराव्यादाखल तिच्याच किल्ल्यांच्या तीन कड्या एकात एक अडकवून दोन हातांत धरून दाखवल्या. बायकोनं मधली कडी उघडली. दोन्हीकडची टोकं मोकळी होऊन लोंबायला लागली.

"आणि हे असं केलं तर?" तिनं विचारलं.

भाऊंनी ताट बाजूला सारलं. कुणाही एकानं आपलं एक कुलूप काढलं की साखळी खाली! तीन कुलपं कसली, तीन दरवाजे करून ठेवले होते त्यांनी. जन्मभर लोकांच्या कड्या हलवल्या आणि स्वतःची हलवून बघितली नाही. "गेलं," ते म्हणाले. "नाव गेलं माझं. उद्यापासून मी भाजी विकतो."

"तुम्हाला भाजी तरी कळते का?" बायको म्हणाली. "उठा, कुणाला कळायच्या आत बदलून या."

भाऊंनी दुसऱ्या दिवशी तीन भोकांची जाड पट्टी केली. तिन्ही कुलपं काढल्याशिवाय ती सुटणार नव्हती. संध्याकाळी पट्टी पिशवीत लपवून चोरासारखे बंधाऱ्यावर गेले, तर तिथे तिन्ही किल्लीवाले हजर! वरच्या वस्तीतला सलूनवाला पाण्यात गळ टाकून बसलेला, मधल्या वस्तीतला बेकरीवाला पाय मोकळे करत होता, आणि खालच्या वस्तीतल्या लाँड्रीवाल्या मावशी शेंगा सोलत होत्या. मध्ये गप्पा रंगलेल्या.

भाऊंना धीर धरवेना. "माझं चुकलं हो!" म्हणून त्यांनी रडकुंडीला येऊन सगळं सांगून टाकलं. "बायकोनं दाखवलं तेव्हा कळलं. कुठलीही एक किल्ली लावली तरी दार उघडतं."

कुणी दचकलं नाही. मग तिघंही एकदम एकमेकांकडे वळले.

"तुला ठाऊक होतं?" मावशी ओरडल्या.

"तुम्हाला कसं ठाऊक?" सलूनवाला म्हणाला. "म्हणजे उघडलंत होय तुम्ही?"

"बघितलं फक्त उघडून! लगेच लावलं! तू नाही बघितलंस?"

बेकरीवाला हळूच म्हणाला, "मी तर पहिल्याच दिवशी बघितलं. मग वाटलं, मला जमतं तर या दोघांनाही जमेल. तेव्हापासून रोज पहाऱ्याला येतो."

तिघांचंही तेच होतं. आधी लांब लांब बसायचे, मग शेंगांसाठी जवळ सरकले. बसल्याबसल्या दार कधी, किती उघडायचं तेही ठरायला लागलं, आणि समितीत कुणाला भांडायला विषयच उरला नाही.

भाऊंनी पिशवीतून पट्टी काढली. "आता पक्कं करतो."

"हात लावून तर बघा!" मावशी म्हणाल्या. "पक्कं झालं तर मी इथे कशाला येऊ? आणि मी आले नाही तर हे दोघं काय दिवे लावणार आहेत?"

प्रकरण समितीपुढे गेलं. भाऊ मान खाली घालून उभे होते, मागे बायको. तिन्ही वस्त्यांनी एका आवाजात ठराव केला: साखळी आहे तशीच राहील, फक्त तीत चौथं कुलूप घालायचं, आणि ते भाऊंनीच बनवायचं. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी किल्ली घ्यायला हात पुढे केला.

"तुमची नाही," मावशी म्हणाल्या. "ज्यांनी चूक पकडली त्यांची. वहिनी, या पुढे."

आता रोज संध्याकाळी वहिनी किल्ली कमरेला लावून बंधाऱ्यावर जातात, आणि भाऊ मागून त्यांची खुर्ची घेऊन. जायच्या आधी घराला कुलूप लावतात आणि दोनदा ओढून बघतात.