प्रवचन चालू असताना

कॅनडात हॅमिल्टनपासून गाडीने अर्ध्या तासावरच्या या गावात मी बावीस वर्षं सुतारकाम केलं. नवीन काम थोडंच, जुनं मोडून नवं करायचं जास्त. दीडशे वर्षांपूर्वी इथे ओढ्यावर पिठाची गिरणी आली. तिच्यामागून चामड्याचा कारखाना, लोहार, घोडागाड्या बनवणारे, पिंपं बनवणारे आले, आणि जो तो आपापली प्रार्थना घेऊन आला. गावात चार देवळं झाली. आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो, तेव्हा मीही तेच म्हणणार, कुणाला आवडो न आवडो. पैसेवाल्यांची तीन ऐन चौकात. कॅथलिकांचं रेल्वेच्या रुळांपलीकडे, कारण ते बांधणारे आयरिश लोक रूळ टाकायला आलेले मजूर. मजुरांना चौकात कोण जागा देतो!

यातलं बरंचसं मी माझ्या हातांनी उखडलंय. चामड्याच्या कारखान्याचे कॉन्डो झाले, त्याचे जिने माझे. लोहाराच्या भट्टीचं कॉफीचं दुकान झालं. चौकातल्या एका देवळाचा तर जिम केला, दोर लावून भिंतीवर चढायचा. वेदी होती तिथे आता पोरं लोंबकळतात. तिथली प्लायवूडची भिंत मीच उभी केली.

"आवो, हात कसे धजले तुमचे?" बायकोने विचारलं होतं.

"आपलं थोडंच आहे ते देऊळ? आणि पोट कोण भरणार?" मी म्हटलं. मोठा शहाणा मी!

आपलं म्हणजे रुळांपलीकडचं. आयरिश घरांतली म्हातारी माणसं गेली, त्यांची मुलं देवळाकडे फिरकेनात. रिकाम्या बाकांवर आम्ही वसई-ठाण्याकडची कुटुंबं येऊन बसलो. महिन्यातून एक मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, मराठीतून व्हायची. त्या दिवशी बायको गायला उभी राहिली की दगडी भिंतींना ऐकू जायचं.

मग तिला कॅन्सर झाला. हॅमिल्टनच्या डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही, वर्षभर म्हणाले. ती रडली, दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला समोर बसवून म्हणाली, "माझं एकच ऐका. मला याच देवळातून न्या. तिकडे लांब एटोबिकोच्या त्या हॉलसारख्या चर्चमधून नको. तिथे खुर्च्या घडी घालून ठेवतात." मी म्हटलं, नेईन. यापलीकडे तिने माझ्याकडे काही मागितलं नाही.

आणि त्याच शरदात फादरनी वेदीवरून सांगितलं की बिशपांच्या ऑफिसने आमचं देऊळ बंद करायच्या यादीत घातलंय. तीन रविवार त्यांचं माणूस येऊन डोकी मोजणार. ठरवलेल्या संख्येइतकी भरली तर देऊळ राहील, नाहीतर विकलं जाईल.

बायकोच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. केमोने हात थरथरायचे, तरी तिने वहीत घरांची यादी केली आणि पलंगावरून फोन लावले. हॅमिल्टन, बर्लिंग्टन, कुठे कुठे. "तापाने फणफणत असाल तरी या गो. पोरांना ओढून आणा." लोक आले, खरंच आले. पार्किंगमध्ये जागा मिळेना. ती स्वतः मात्र तिन्ही रविवार उठू शकली नाही.

आता आमची खोड सांगतो. तिकडे वसईला आमच्या बापजाद्यांनी प्रवचन कधी बसून ऐकलं नाही. शुभवर्तमान वाचून झालं, फादरनी घसा खाकरला, की बाप्ये उठून बाहेर. भाताचं काय, विहिरीचं काय, कुणाच्या घरी सोयरीक आली, सगळं तिथे अंगणात. प्रवचन आटोपलं की मुकाट आत. बायका नाक मुरडायच्या, फादर ओरडायचे, ढिम्म फरक पडायचा नाही. तीच खोड आम्ही कॅनडात आणली. उणे वीसमध्येसुद्धा देवळाच्या पोर्चमध्ये हात चोळत उभे राहायचो. त्याचा आम्हाला अभिमान होता, काय सांगू!

ते तीन रविवारही आम्ही पोर्चमध्येच. बिशपांच्या ऑफिसची बाई सगळ्यात मागे बसायची. दाराच्या काचेतून मला दिसत होतं, हातातल्या यंत्रावर तिचा अंगठा टकटक चालला होता. प्रवचनात माणसं हलत नाहीत, म्हणून तिने तीच वेळ धरली असणार. विंटर टायर आत्ताच घालावेत की थांबावं, असं आमचं काहीतरी चाललं होतं. एकजण म्हणाला, "मोजतेय रे ती. आत जाऊ या का?"

"अरे, आत शिरताना मोजलं असेल की आपल्याला," मी म्हणालो. "एवढी घाई कसली? संपू दे प्रवचन."

मी म्हणालो हे. दुसरं कुणी नाही.

ख्रिसमसच्या आधी निकाल आला. फादरनी कागद वाचला. थोडकी माणसं कमी पडली होती. पोर्चमध्ये आम्ही जितके उभे असायचो, त्याहून कमी. मी तिथल्या तिथे हिशेब केला, आणि बाकीच्या बाप्यांनीही केला असणार, कारण बाहेर पडताना कुणी कुणाकडे बघेना. फादरना तेव्हाच गाठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली, दुसरं काय.

घरी आलो. बायको उशांना टेकून वाट बघत होती. तिला सांगितलं.

"असं कसं कमी भरलं? पार्किंगला जागा नव्हती म्हणालात ना?"

"काय माहीत."

"तुम्ही बाप्ये आत होतात ना?"

"होतो," मी म्हटलं. विचार करून नाही म्हटलं, तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघाल्यावर परत घेता आलं नाही. आज घेऊ, उद्या घेऊ करत राहिलो.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. "मग माझ्याच हातून फोन राहिले असतील," ती म्हणाली, आणि वही मागितली.

फेब्रुवारीत ती गेली. तोवर देवळाला कुलूप लागलं होतं. रिचमंड हिलला राहणारी आमची मुलगी मला म्हणत राहिली, "डॅड, इट्स ओके, मॉम वुड अंडरस्टँड." एटोबिकोतूनच नेलं तिला. मिस्सेनंतर लोक येऊन हात हातात घेत होते. बर्लिंग्टनची एक बाई खूप रडत होती.

"दोन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाली, बाई, मला माफ कर, त्या रविवारांना तुला बोलवायचं राहून गेलं, माझ्यामुळे देऊळ गेलं. मी म्हटलं, अगं नाही गो, मला केला होतास तू फोन, आम्ही तिन्ही रविवार आलो होतो. पण तिला काही पटेना."

मागे उभी असलेली दुसरी पुढे आली. "मलापण आला होता," ती म्हणाली.