लाईट आल्यावर जागेवर येणारा टीव्ही

परवा फोनवर तुम्ही दोघं हसलात. मी कॅमेरा आजोबांच्या खाटेकडे फिरवला तेव्हा धाकटी म्हणाली, "आजी, हा टीव्ही आहे की फोटोफ्रेम?" आणि थोरल्याने माहिती पुरवली की तुमच्या स्वयंपाकघरातलासुद्धा याच्या दुप्पट आहे. मी काही बोलले नाही, कारण फोनवर मला नीट भांडता येत नाही. मध्येच चित्र अडकतं, समोरच्याचं तोंड उघडं राहतं आणि राग वाया जातो. लिहून मात्र मला व्यवस्थित भांडता येतं. म्हणून हे लिहिते आहे, आणि पूर्ण वाचा.

तुमचे आजोबा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. नांदूरघाटच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर शेळ्यामेंढ्यांना लस टोचत त्यांनी सगळी नोकरी काढली. आडदांड वळूला शिंगाला धरून उभं करणारा माणूस. झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणंही अर्धं गेलं. तेव्हापासून पाणी मागायचं, पंखा कमी करायला सांगायचं, कूस बदलून मागायची, नको तिथलीसुद्धा मदत मागायची. दिवसभर मागणंच. एक टीव्ही तेवढा मागावा लागत नव्हता. डिशच्या रिमोटवर चालू-बंदच्या बटणाला आणि पाचाच्या आकड्याला मी माझी एकेक टिकली चिकटवून दिली होती. डाव्या अंगठ्याला टिकली लागली की पुढचं सगळं ते न बघता करायचे. कुस्ती, कीर्तन, बातम्या, पुन्हा कुस्ती.

आमच्याकडे लाईट दिवसातून पाच-सहा वेळा जाते. तुम्हाला हे खरं वाटत नाही, पण जाते. आमचा जुना टीव्ही, तोच पाठीला पोक असलेला, लाईट आली की आपला आपण चालू व्हायचा आणि जिथे होता तिथेच यायचा. ही काही मोठी गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नाही. दिवाळीनंतर तो गेला, तेव्हा कळलं.

तुमच्या बाबांचा चुलतभाऊ, म्हणजे माझा पुतण्या, स्वतःच्या घरातला जास्तीचा मोठा स्मार्ट टीव्ही उचलून घेऊन आला. "काकू, हाच ठेवा. लई भारी हाय." भारी होताच. भिंत भरली. दुसऱ्याच आठवड्यात मी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला केजला बँकेत गेले. शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. परत यायला तीन तास लागले. आत येऊन बघते तर आजोबा उशीला टेकून टीव्हीकडे बघत होते आणि टीव्हीवर चौकोन. नटनट्यांची तोंडं असलेले पंधरा-वीस चौकोन, एकाभोवती पांढरी रेघ, आवाज नाही.

"लाईट कधी आली?" मी विचारलं.

"मगा...शी."

लाईट मी निघाले तेव्हाच गेली होती आणि अर्ध्या तासात आली होती, हे शेजारणीने सांगितलं. ती दोनदा डोकावूनही गेली होती. "चालू होता की बाई टीव्ही. मी इचारलं पण, लावून देऊ का काही. त्यांनी नको म्हणून मान हलवली." त्या टीव्हीत लाईट आल्यावर पहिल्यांदा हे चौकोन येतात. तिथून आपल्या डिशवर जायला दुसरा रिमोट घ्यावा लागतो, बाणांनी खाली, उजवीकडे, पुन्हा खाली जावं लागतं. आजोबांनी अंगठ्याने टिकली दाबून पाहिली असणार, किती वेळा ते देव जाणे. शेजारणीकडे मागितलं नाही. अडीच तास एका अनोळखी नटाच्या तोंडाकडे बघत बसले, आणि मी रिमोट हातात घेतला तेव्हा म्हणाले, "राहू... दे."

ते "राहू दे" मला सहन झालं नाही. त्याच दिवशी मी ठरवलं की टीव्ही मी घेणार, माझ्या पेन्शनमधून, औषधं आणि सकाळच्या मदतनिसाचं भागवून जे उरतं त्यात. दहा हजार. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, मी पाठवतो, मोठा घे." मी नको म्हटलं. ज्याला मोठं घ्यायचं असतं त्याला मोठ्याचीच बाजू दिसते.

बीडला निघताना मी पिशवीत डिशचा बॉक्स, त्याच्या वायरी, टिकल्यांचा रिमोट आणि शिवणकामाची टेप घेतली. पुतण्या गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "काकू, आपण टीव्ही आणायला चाललोत का इकायला?"

"परीक्षा घ्यायला," मी म्हटलं.

लग्नसराई होती. दुकानात फ्रिज, कपाट, कूलर, टीव्ही असे एकत्र मांडून ठेवले होते, वर लाल रिबिनी. दुकानदाराने मला ओलांडून पुतण्याला विचारलं, "बोला साहेब, कुणाचं लग्न हाय? किती वस्तूंचा सेट दाखवू?"

"लग्न न्हाई हो. काकूला टीव्ही पायजे."

"आस्सं! काय बघतात आजी? सिरियली?" हेही पुतण्यालाच.

मुलांनो, मी गावातल्या निम्म्या लोकांना इंग्रजी शिकवलं आहे. तालुक्याच्या कचेरीत मी गेले तर खुर्च्या सरकतात. आणि इथे एक माणूस माझ्याबद्दल माझ्यासमोर असा विचारत होता, जसं आजोबांना दाखवायला आणलेल्या गाईबद्दल लोक विचारायचे, काय खाती, किती दूध देती. मी म्हटलं, "आजी इथेच उभी आहे. तिला बोलता येतं."

मग त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि दाखवायला सुरुवात केली. हा बोललेलं ऐकतो. हा डोळ्यांना त्रास देत नाही. याला कडाच नाहीत. दर महिन्याला थोडे थोडे द्या, व्याज शून्य. मी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "लाईट जाऊन आली की हा कुठे येतो?"

"कुठे येतो म्हंजे?"

"आमचा डिशचा बॉक्स जोडा. चॅनल लावा. मग लाईट घालवा आणि परत आणा. बटण न दाबता तेच चॅनल आलं तर मी घेते."

तो हसला. नोकरही हसले. पुतण्या दाराकडे बघायला लागला. पण मी पिशवीतून बॉक्स काढून टेबलावर ठेवला होता, तेव्हा त्यांना जोडावाच लागला. पहिल्या टीव्हीवर बातम्या लागल्या. नोकराने रिमोटने टीव्ही बंद केला, रिमोटने चालू केला. बातम्या आल्या. "बघा आजी! जागेवर!"

या फसवणुकीची मला आजही चीड येते. त्याला वाटलं, म्हातारीला काय कळतंय.

"आमच्या गावची लाईट रिमोटने जात नाही," मी म्हटलं. "भिंतीवरचं बटण बंद करा."

भिंतीवरचं बटण बंद केलं, चालू केलं. चौकोन आले. दुसऱ्या टीव्हीवर चौकोन. तिसऱ्याने तर आधी माझं अभिनंदन करून ईमेल विचारला. चौथ्यालाही चौकोन. माझ्याकडे कागद होता, मी प्रत्येकापुढे फुली मारत गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, इतकी वर्षं टीव्ही इकतोय, असं कुणी इचारलं न्हाई. इन्व्हर्टर घ्या की चांगला, लाईट जायचा प्रश्नच न्हाई."

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. त्यावर आजोबांच्या अंगाखालच्या हवेच्या गादीचा पंप चालतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. त्यावर टीव्ही लावला की बॅटरी दोन तासांत बसते. हे मी त्याला सांगितलं नाही. आजोबांच्या पाठीचा हिशोब मी दुकानात मांडणार नव्हते.

मी माहितीपुस्तक मागितलं. "ते कोणी वाचत न्हाई," असं म्हणत त्याने एका महागड्या टीव्हीचं काढून दिलं. मी तिथेच चष्मा लावून वाचलं. बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की वीज परत आल्यावर आधीच्याच जागी जाण्याची सोय या टीव्हीत आहे, ती सेटिंगमध्ये अमुक ठिकाणी जाऊन सुरू करावी. लावून पाहिलं. बातम्या आल्या. किंमत विचारली. माझ्या रकमेच्या तिप्पट.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. लाईट गेल्यावर टीव्हीने परत जागेवर यावं ही सोय त्यांनी अशा टीव्हीत घातली आहे, जो घेणाऱ्यांच्या घरी लाईट जातच नाही, गेली तर जनरेटर चालू होतो. आणि ज्यांच्याकडे दिवसातून सहा वेळा जाते त्यांच्या टीव्हीत नटांची तोंडं. हे कोणी कुठे बसून ठरवलं मला माहीत नाही. पण त्यांच्या घरात खाटेवर पडलेलं माणूस नसणार, आणि असलं तर त्याच्या उशाशी कोणीतरी पगारी उभं असणार.

मी उठले. बॉक्स पिशवीत भरायला लागले. दुकानदार आता जरा खजील झाला होता, किंवा गिऱ्हाईक जातंय म्हणून असेल. तो नोकराला म्हणाला, "अरे, ते चहाच्या हाटेलवाले नेतात ते आण." मागच्या खोलीतून चोवीस इंचांचा साधा टीव्ही आला. खोक्यावर धूळ. "मावशी, हे आता घरात कुणी नेत न्हाई. यात काहीच न्हाई. नेट न्हाई, काही न्हाई."

"लावा."

भिंतीवरचं बटण बंद. चालू. काळा पडदा, मी मनात आकडे मोजत होते, आणि बातमीदार बाई अर्ध्या वाक्यात बोलायला लागली. मी पुन्हा बंद करायला लावलं. पुन्हा आली. पाच वेळा केलं. पाचव्या वेळेला नोकरच ओरडला, "आली!" दहा हजारांत तो बसला, वर भिंतीचा स्टँडही आला.

गाडीत पुतण्या पुटपुटला, "लोक काय म्हणतील काकू, हाटेलातला टीव्ही घेतला म्हणून."

"त्यांना म्हणावं, चहा प्यायला या," मी म्हटलं.

घरी खाट ते भिंत टेपने मोजून ठेवलेलंच होतं. लहान पडदा जवळ असला की पुरतो, म्हणून खाट आणि टीव्ही समोरासमोर आणले. पुतण्याच्या बायकोने टीव्हीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आजोबा बघत होते. कसला टीव्ही हवा हे त्यांना मी विचारलंच नव्हतं, हे मला तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. मी मुद्दाम मेथीची जुडी घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसले. एकटं सोडल्याशिवाय खरी परीक्षा होणार नव्हती. अर्धी जुडी निवडून झाली तेव्हा शेजारची पाण्याची मोटर घरघरली, म्हणजे लाईट आली. मी मोजायला लागले. आतून कुस्तीचा गलका ऐकू आला, समालोचक, टाळ्या, सगळं. मी पान खुडायची थांबले. आणि तेवढ्यात आवाज एकदम बंद झाला.

मेथी मांडीवरून सांडली, मी तशीच धावत आत गेले. मनात त्या दुकानदाराला काय काय बोलायचं ते तयारही झालं होतं. बघते तर पडदा काळा, भिंतीवरचा दिवा चालू, आणि आजोबांच्या डाव्या हातात रिमोट, अंगठा टिकलीवर.

"काय झालं? बिघडला?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो, मी थांबले.

"मीच... बंद केला. झोप... येतीय."

एवढं बीड गाठून, चार टीव्ही नापास करून, एका दुकानदाराशी भांडून आणलेला टीव्ही, आणि लाईट आल्यावर पहिल्यांदा त्यांनी काय केलं तर बंद केला. मला राग आलाच. मी म्हटलं, "झोपा मग!" आणि मेथी गोळा करायला परत गेले.

बंद करायलासुद्धा कोणाला हाक मारली नव्हती त्यांनी. म्हणून आमचा टीव्ही चोवीस इंचांचा आहे.